रूळ कुठे तोडायचा? मॉडेल रेल्वेतले ब्लॉक आणि त्यांचं वायरिंग

डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालणाऱ्या मॉडेल रेल्वेत एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवून कंट्रोलर फिरवला, की दोन्ही निघतात. रुळात १२ व्होल्ट आले की त्यावर उभं असलेलं प्रत्येक इंजिन ते घेणारच. एकाला थांबवून दुसरं हलवायचं असेल तर थांबलेल्या इंजिनाखालचा रूळ बाकीच्यांपासून तोडायला हवा आणि त्याची वीज स्विचने बंद-चालू करता यायला हवी. असा तोडलेला भाग म्हणजे ब्लॉक.

बहुतेक जण सुरुवात स्विचपासून करतात. स्विच हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, चुकला तर पाच मिनिटांत बदलता येतो. कापाची जागा चुकली की मात्र खडी उकरून रूळ उचलावा लागतो. म्हणून आधी कागद, मग करवत, आणि वायर शेवटी.

उदाहरणादाखल एक नेहमीचा आराखडा घेऊ. आठ बाय चार फुटांचा प्लायवूड, एचओ गेज, म्हणजे १६.५ मिमी रूळ. ५०५ मिमी त्रिज्येच्या वळणांचा एक अंडाकृती मुख्य मार्ग, लांबी सुमारे ५.८ मीटर. पुढच्या बाजूला स्टेशन, तिथे मुख्य मार्गाच्या आत एक लूप लाइन, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणारी. लूपमधून निघणारी एक मालधक्क्याची सायडिंग. मागच्या बाजूला इंजिन शेडची एक लाइन, जिच्यावर दोन इंजिनं एकामागे एक उभी राहतील. चार पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे), दोन कंट्रोलर.

ब्लॉक पाडताना

या आराखड्याला सहा ब्लॉक पुरतात. मागचा मुख्य मार्ग हा पहिला, प्लॅटफॉर्मची मुख्य लाइन दुसरा, लूप तिसरा, मालधक्का चौथा, आणि शेडचे दोन तुकडे पाचवा आणि सहावा. लूपच्या दोन टोकांचे पॉइंट पहिल्या ब्लॉकमध्येच ठेवा. म्हणजे मागून येणारी गाडी ज्या कंट्रोलरवर आहे, त्याच कंट्रोलरवर ती पॉइंट ओलांडते. पॉइंटना स्वतंत्र ब्लॉक दिला की एक स्विच वाढतो आणि तो नेमका विसरला जातो.

दोनपैकी एकच रूळ तोडावा लागतो. दुसरा रूळ सगळीकडे अखंड, विजेच्या परतीचा, सगळ्या ब्लॉकना सामायिक. इथे बाहेरचा रूळ सामायिक ठेवू आणि कापू फक्त आतला. दुसऱ्या ब्लॉकला दोन काप, तिसऱ्याला दोन, मालधक्क्याला एक, शेडला दोन: एकूण सात.

गोल मार्गावर एकच काप घेऊन काहीही साधत नाही. कापाच्या डाव्या बाजूला वीज दिली तर ती पूर्ण फेरी मारून उजव्या बाजूला येते. गोलावरच्या ब्लॉकला दोन्ही टोकांना काप हवाच. सायडिंगला एक पुरतो, कारण तिचं दुसरं टोक बफरपाशी, म्हणजे रुळाच्या शेवटच्या अडथळ्यापाशी, संपतं.

आता जागा. खऱ्या रेल्वेत दोन रूळमार्ग जिथे एकत्र येऊ लागतात तिथे फाउलिंग मार्क असतो, त्यापुढे उभी गाडी शेजारच्या मार्गावरच्या गाडीला घासू शकते. ब्रॉडगेजवर दोन मार्गांच्या मध्यरेषांमधलं अंतर ४.२६५ मीटरपेक्षा कमी होऊ लागतं, तिथे तो बसवतात. एचओचं प्रमाण १:८७, म्हणून ८७ ने भागलं की ४९ मिमी येतात. टेबलावर मात्र या आकड्यावर विसंबू नका, कारण आपली वळणं खऱ्यापेक्षा फारच तीव्र असतात आणि लांब डब्याचं टोक वळणावर बरंच बाहेर झुकतं. आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा टोकांच्या बफरसकट २२.३ मीटर, म्हणजे एचओमध्ये सुमारे २५६ मिमी. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा लूपवर आणि दुसरा मुख्य मार्गावर ठेवा, दोन्ही पॉइंटकडे ढकलत न्या. मध्ये बोटभर जागा उरेल तिथे पेन्सिलने खूण करा. ही तुमची फाउलिंगची खूण. काप तिच्यापासून आणखी ५ सेंमी आत, म्हणजे पॉइंटपासून दूर, घ्या, कारण इंजिनाचं नाक पहिल्या चाकाच्या ३-४ सेंमी पुढे असतं.

लांबीचा हिशोब इंजिनावरून करायचा. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची लांबी १७.१२ मीटर, एचओमध्ये १९७ मिमी. विजेचं डब्ल्यूएपी-७ साधारण २३६ मिमी. आजकालची इंजिनं सगळ्या चाकांनी वीज घेतात, त्यामुळे पुढची चाकं बंद ब्लॉकमध्ये शिरली तरी मागची जिवंत रुळावर असेपर्यंत इंजिन चालतच राहतं. शेवटचं चाक आत आलं की मोटर बंद होते, आणि फ्लायव्हील (मोटरवरचं जड चाक) असेल तर त्यानंतरही ते थोडं घरंगळतं. घरंगळत पुढचा काप ओलांडला तर पुढच्या जिवंत रुळावर ते पुन्हा चालू होणार! म्हणून थांबण्याचा ब्लॉक इंजिनाच्या लांबीपेक्षा किमान १० सेंमी जास्त ठेवा. शेडच्या प्रत्येक तुकड्याला ३५ सेंमी दिले तर वर सांगितलेली दोन्ही इंजिनं बसतात.

पॉइंट कुठला आहे त्यावर बरंच ठरतं

पेको या ब्रिटिश कंपनीचे पॉइंट तीन तऱ्हेचे मिळतात आणि तिघांचं विजेचं वागणं वेगळं आहे. फ्रॉग म्हणजे पॉइंटमध्ये दोन मार्गांचे आतले रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा. इन्सुलफ्रॉगमध्ये फ्रॉग प्लास्टिकचा असतो. वीज फक्त त्या मार्गाला मिळते ज्याच्यासाठी पॉइंट लावलेला आहे. दुसरा मार्ग आपोआप मरतो. साध्या सायडिंगला म्हणूनच वेगळा काप किंवा स्विच लागत नाही, मात्र वीज पॉइंटच्या टोकाकडून, म्हणजे हलणाऱ्या पात्यांच्या बाजूने दिलेली असली पाहिजे. मालधक्क्याला वेगळा कंट्रोलर नको असेल तर चौथा ब्लॉक इथेच वाचतो.

इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये फ्रॉग धातूचा आणि जिवंत. हळू चालणाऱ्या छोट्या इंजिनांसाठी तो फार चांगला, अडखळणं जवळपास संपतं. पण फ्रॉगमधून मागे निघणारे दोन्ही आतले रूळ एकाच ध्रुवाचे असतात. लूपच्या दोन टोकांना असे पॉइंट असतील आणि मध्ये वीज दिली, तर शॉर्ट झालाच म्हणून समजा. उपाय ठरलेला आहे: फ्रॉगच्या मागे दोन्ही आतल्या रुळांत प्लास्टिकची फिशप्लेट (रुळाची दोन टोकं जोडणारी पट्टी), आणि त्यापुढे प्रत्येक रुळाला स्वतःची वायर. आपल्या लूपवर यातला एक रूळ मुख्य मार्गाचा आतला असतो, तिथे फ्रॉगचा काप आणि ब्लॉकचा काप एकच होऊ शकतो. दुसरा रूळ लूपचा बाहेरचा, म्हणजे सामायिक रूळ. तोही इथे तुटतो हे लक्षात राहत नाही आणि मग लूप मेलेली का हे शोधत बसावं लागतं. कापापुढे सामायिक वायर पुन्हा जोडा.

फ्रॉगची वीज पॉइंटबरोबर हलणाऱ्या मायक्रोस्विचने बदलायची: मधलं टर्मिनल फ्रॉगला, एक बाजू सामायिक वायरला, दुसरी बाजू पॉइंट ज्या ब्लॉकमध्ये आहे त्या ब्लॉकच्या रुळाला. ही दुसरी वायर थेट कंट्रोलरवरून घेऊ नका. ब्लॉक दुसऱ्या कंट्रोलरवर टाकलात की फ्रॉगवर एक वीज आणि शेजारच्या रुळावर वेगळी, असा घोळ होतो. ब्लॉकच्या स्विचनंतरचीच वीज घ्या.

तिसरा युनिफ्रॉग. यात फ्रॉगचा छोटासा तुकडा मृत असतो, हवं तर त्याला वायर देता येते, आणि दोन्ही मार्ग कायम जिवंत राहतात. सायडिंग आपोआप बंद होत नाही. इन्सुलफ्रॉगसाठी काढलेला जुना आराखडा युनिफ्रॉगवर बांधला की सायडिंगमधली सगळी इंजिनं एकदम निघतात, त्याचं कारण हेच.

काप

दोन रस्ते आहेत. रूळ टाकतानाच धातूच्या फिशप्लेटऐवजी प्लास्टिकची घालायची, किंवा रूळ पक्का बसवून झाल्यावर कापायचा. पेकोच्या प्लास्टिक फिशप्लेट कोड १०० साठी एसएल-११ आणि कोड ७५ व ८३ साठी एसएल-१११ या क्रमांकाच्या (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत). तिच्या मध्यावर एक छोटा पडदा असतो, तो दोन रुळांची टोकं एकमेकांना टेकू देत नाही. धातूच्या फिशप्लेटपेक्षा ती जाड असल्याने खालच्या एक-दोन स्लीपरवरचे रूळ धरणारे प्लास्टिकचे उंचवटे धारदार पात्याने काढून टाकावे लागतात. नाही काढले तर रूळ तिथे उचलला जातो आणि डबे उडी मारतात. पुढेमागे दुरुस्तीला लागतील म्हणून वीसेक फिशप्लेट घेऊन ठेवा.

वळणावर प्लास्टिकची फिशप्लेट टाळा. ती लवचिक आहे, फ्लेक्सट्रॅकचा (हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाचा) ताण ती पेलत नाही आणि जोडाशी कोपरा पडतो. वळणावर काप घ्यावाच लागला तर रूळ सलग टाका, गोंद पूर्ण वाळू द्या, आणि मग छोट्या रोटरी टूलच्या कटिंग डिस्कने उभा छेद द्या. डोळ्यांना चष्मा हवाच, त्या डिस्क न सांगता तुटतात. पात्याची जाडी साधारण अर्धा-पाऊण मिमी, तेवढी फट पडते.

ही फट उघडी ठेवू नका. रुळाचा धातू, निकेल सिल्व्हर, तापलं की वाढतं: एक मीटर रूळ २० अंश तापला तर ०.३ मिमीच्या आसपास. त्याहून जास्त हलतो तो खालचा प्लायवूड. पावसाळ्यात दमट हवेने फुगतो, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आक्रसतो, आणि रुळांना एकमेकांवर ढकलतो. जानेवारीत नीट चालणारा ब्लॉक मे महिन्यात बंदच होईनासा झाला, तर स्विचकडे नंतर बघा, आधी फट बघा. फटीत पातळ प्लास्टिकचा तुकडा सुपरग्लूने बसवा किंवा एपॉक्सी भरा, वाळल्यावर बारीक कानसीने रुळाच्या आकारात घासा. खऱ्या रेल्वेतही ट्रॅक सर्किटसाठी (रुळावर गाडी आहे का हे विजेने ओळखण्यासाठी) रुळांच्या मध्ये इन्सुलेशन घालून ग्ल्यूड जॉइंट करतात, त्यामुळे हे दिसायलाही खटकत नाही.

दोन्ही रूळ तोडायचे असतील तिथे दोन्ही काप समोरासमोर घ्या. मागे-पुढे झाले तर दोन कापांमधल्या बोटभर तुकड्यात विचित्र दोष निर्माण होतात, आणि ते कधीतरीच दिसतात.

वायर आणि स्विच

नियम एवढाच: विजेच्या दृष्टीने तुटलेल्या प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची वायर. फिशप्लेटमधून वीज पुढे जाईल या भरवशावर राहू नका. रंग, खडीचा गोंद आणि गंज यांनी तो जोड सैल पडत जातो.

रुळाला जोडायची छोटी वायर ७/०.२, म्हणजे ०.२२ चौरस मिमीची, २० सेंमीपेक्षा लांब नको. टेबलाखालून धावणारी मुख्य वायर १ किंवा १.५ चौरस मिमी, घरगुती वायरिंगची चालते. पातळ वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०८ ओहम. चार मीटर जाणं आणि चार मीटर येणं, एक अँपिअर वाहत असेल तर ०.६ व्होल्ट वायरमध्येच जातात. १.५ चौरस मिमीमध्ये तोच आकडा ०.१ च्या आत येतो. खरं सांगायचं तर आठ बाय चारच्या टेबलावर डीसीला याने फार बिघडत नाही, सुट्या जोडांनी जास्त बिघडतं. म्हणून वायर पिळून टेप लावू नका. कनेक्टर पट्टी वापरा किंवा डाग द्या, म्हणजे सोल्डर करा.

डाग देताना रुळाची बाहेरची बाजू आधी घासून चकचकीत करा, फ्लक्स लावा, वायरच्या टोकाला आधीच कथील चढवून ठेवा. ४० वॅटची सोल्डरिंग इस्त्री, पूर्ण तापलेली, दोन-तीन सेकंद. कमी वॅटची इस्त्री जास्त वेळ धरली की स्लीपर वितळतात. दोन्ही बाजूंना ओल्या टिश्यूची घडी ठेवली तर उष्णता पुढे पसरत नाही. आतल्या बाजूला कथिलाचा कणही नको, चाकाची कड त्यावर चढते.

स्विच: पहिल्या चार ब्लॉकना मध्ये बंद असलेला टॉगल (दांड्याचा स्विच) हवा, वर कंट्रोलर एक, मध्ये काही नाही, खाली कंट्रोलर दोन. मधलं टर्मिनल ब्लॉकच्या रुळाला. सामायिक रूळ असल्याने तीन टर्मिनलचा पुरतो. सहा टर्मिनलचा डीपीडीटी (एकाच दांड्यावर असे दोन स्विच) मिळाला तर त्याची एकच रांग वापरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे सहज मिळतात. घेताना दुकानातच दांडा मध्ये थांबतो का ते पाहा, कारण मध्ये न थांबणारा आणि सोडल्यावर आपोआप परतणारा असे दोन प्रकार बाहेरून अगदी सारखेच दिसतात. परतणारा पॉइंट मोटरसाठी असतो.

शेडच्या दोन तुकड्यांना टॉगल देऊ नका, दाबून धरायची बटणं द्या. ज्या लाइनमधून शेड निघते तिची वीज बटणातून कापापलीकडे न्यायची. बटण दाबलेलं असेपर्यंतच इंजिन हलतं. टॉगल चालू राहून गेला आणि शेडमधलं इंजिन भिंतीवर आदळलं, हे होतच नाही. मागच्या तुकड्याचं बटण पुढच्या तुकड्यातून वीज घेईल असं जोडा. आतलं इंजिन बाहेर यायला दोन्ही बटणं दाबावी लागतात आणि तेच बरोबर आहे.

सामायिक रुळाची एक अट आहे. दोन्ही कंट्रोलरचं आउटपुट एकमेकांपासून पूर्ण वेगळं हवं: दोन वेगळे अडॅप्टर, किंवा ट्रान्सफॉर्मरची दोन वेगळी वाइंडिंग. एकाच १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर दोन कंट्रोलर चालवले आणि एकाची दिशा उलट केली, की सामायिक रुळातून थेट शॉर्ट. अशी जोडणी असेल तर सामायिक रूळ सोडून द्या, प्रत्येक ब्लॉकचे दोन्ही रूळ तोडा आणि डीपीडीटीच्या दोन्ही रांगा वापरा. आणि २३० व्होल्टची कुठलीही उघडी जोडणी टेबलाखाली नको. तयार, बंद अडॅप्टरच वापरा.

बफरपाशी एक युक्ती फार उपयोगी पडते, डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. सायडिंगच्या टोकाला एका रुळात काप घ्या आणि त्यावर १एन५४०८ डायोड जोडा. इंजिन बफरकडे जाताना वीज अडते, परत फिरवल्यावर वाहते, स्विचची गरजच नाही. दिशा अशी: बफरकडे तोंड करून उभे राहा. उजव्या रुळात काप असेल तर डायोडची पांढरी पट्टी जिवंत रुळाच्या बाजूला, डाव्या रुळात असेल तर बफरच्या बाजूला. कारण डीसीमध्ये इंजिन ज्या दिशेला जातं त्या दिशेचा उजवा रूळ धन असतो, इंजिनाचं तोंड कुठेही असो. परत निघताना डायोड पाऊण व्होल्ट खातो, म्हणून तिथे इंजिन जरा मंद वाटेल. हा तुकडाही इंजिनाची लांबी अधिक १० सेंमी हवा.

पहिल्यांदा वीज सोडण्याआधी

सगळी इंजिनं आणि दिव्यांचे डबे उचलून बाजूला ठेवा, कंट्रोलर सोडवा, टॉगल मध्ये. मल्टिमीटर बझरवर लावून सामायिक रूळ आणि प्रत्येक ब्लॉक यांच्यात तपासा, पॉइंट दोन्ही बाजूंना फिरवून. वाजला तर त्या ब्लॉकच्या वायर उलट जोडल्या गेल्यात किंवा फ्रॉगचा काप राहिलाय. मग प्रत्येक कापाच्या दोन बाजूंना मीटर लावा. इथे वाजला तर फट मिटली आहे किंवा कथील ओघळलंय. वायरिंग एका वेळी एकच ब्लॉक जोडून तपासत गेलं तर दोष नेहमी शेवटच्या जोडणीत सापडतो. सगळं जोडून मग तपासायला बसणं म्हणजे रविवार वाया.

व्होल्टमीटरने फसायला होतं ते असं: बंद ब्लॉकवर इंजिन उभं असताना कापाच्या दोन बाजूंना मोजलं तर जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. वीज इंजिनाच्या मोटरमधून फिरून मीटरपर्यंत येते. काप नीट आहे, मीटरही नीट आहे.

गाडी ब्लॉकच्या सीमेवर येऊन मागेपुढे थरथरत असेल तर दोन ब्लॉक दोन वेगळ्या कंट्रोलरवर आणि उलट दिशेला आहेत. स्विच बघा.

आणि सगळं बरोबर असूनही इंजिन बंद ब्लॉकमध्ये थांबत नसेल तर मागच्या डब्याकडे पाहा. दिवे असलेल्या डब्यात दोन्ही बोगींची (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांची) चाकं एकाच रुळातून वीज घेऊन आतून जोडलेली असतात. आयसीएफ डब्याच्या बोगींमध्ये एचओमध्ये १७० मिमी अंतर असतं. एक बोगी जिवंत रुळावर, दुसरी बंद रुळावर आली की डबाच वायरचं काम करतो आणि काप निकामी होतो. उपाय डब्यातच आहे: पुढच्या बोगीने फक्त उजव्या रुळातून आणि मागच्या बोगीने फक्त डाव्यातून वीज घ्यावी. मग दोन बोगींमधून काहीच जोडलं जात नाही, उरतं ते एका बोगीच्या दोन चाकांमधलं ३३ मिमी अंतर.

पुढे डीसीसीवर (प्रत्येक इंजिनाला रुळातून वेगळे डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीवर) जायचं असेल तरी हे काप बुजवू नका. सगळे टॉगल एकाच बाजूला ठेवले की टेबल सलग होतं, आणि शॉर्ट कुठल्या ब्लॉकमध्ये आहे हे एकेक बंद करत शोधता येतं. फक्त एका बाजूला डीसीसी आणि दुसऱ्या बाजूला जुना डीसी कंट्रोलर अशी जोडणी एक दिवसही ठेवू नका. सीमेवरून इंजिन गेलं की त्याची चाकं दोन्ही जोडतात, आणि आधी जळतो तो बहुधा डीसी कंट्रोलर. डायोडही काढून टाका, डीसीसीला त्यांचं वावडं आहे. डीसीसीवर गेल्यावर युनिफ्रॉगचा फ्रॉग मृत ठेवण्यापेक्षा त्याला वायर देणं चांगलं. ती वायर रूळ बसवतानाच टेबलाखाली काढून ठेवलेली असली म्हणजे झालं.